सहा महिन्यांत दोन कौल : कांदा पट्ट्याचे मत जाते कुठे?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कांद्याच्या भावावर बोलायचे असते तर मला इथे उभे करायची गरज नव्हती. या मांडवात बसलेल्या कोणालाही उठवा, तो तासभर बोलेल आणि त्यातला एक आकडा चुकणार नाही. बियाण्याला किती गेले, रोपाला किती, काढणीची मजुरी किती, चाळीत सडून किती गेला, सगळे तोंडपाठ. पण आज मला विषय दिला आहे मताचा. आपण मत टाकतो, त्याचे पुढे काय होते? कांद्याची निदान पट्टी तरी हातात पडते. हमाली, तोलाई वजा जाता इतके राहिले, असे कागदावर दिसते. मताची पट्टी कोणी देत नाही. ती आज आपणच मांडून बघू.

सोयीसाठी एकच मतदारसंघ घेतो, दिंडोरी लोकसभा. का, तर देशात कांद्याचे राजकारण याहून दाट कुठे नसेल. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी असे विधानसभेचे सहा मतदारसंघ यात येतात. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन्ही बाजारपेठा यातच. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. २००९ पासून २०१९ पर्यंत तिन्ही वेळा इथून भारतीय जनता पक्षाचा खासदार निवडून गेला.

आता दोन तारखा लक्षात ठेवा. २० मे २०२४ आणि २० नोव्हेंबर २०२४. बरोबर सहा महिन्यांचे अंतर. मतदार तेच, बोटावरची शाई बहुधा त्याच शाळेच्या खोलीत लागलेली. मे महिन्यात या मतदारांनी केंद्रात मंत्री असलेल्या डॉ. भारती पवार यांना १,१३,१९९ मतांनी पाडले आणि शाळामास्तर असलेले भास्कर भगरे यांना दिल्लीला पाठवले. नोव्हेंबरात याच मतदारांनी सहाच्या सहा जागा त्याच सत्ताधारी आघाडीला दिल्या. नुसत्या आघाडीला नव्हे, सहाही जुन्याच आमदारांना. येवल्यात छगन भुजबळ, निफाडला दिलीप बनकर, दिंडोरीला नरहरी झिरवाळ, कळवणला नितीन पवार, चांदवडला राहुल आहेर, नांदगावला सुहास कांदे. एकही चेहरा बदलला नाही. सबंध जिल्ह्याचे बघितले तर पंधरापैकी चौदा जागा महायुतीला, आणि उरलेली मालेगाव मध्यची जागा एमआयएमला, तीही १६२ मतांनी.

शहरातले पत्रकार यावर म्हणतात, शेतकरी विसरभोळा आहे. मला हे मान्य नाही. सावकाराचे देणे तीन पिढ्या लक्षात ठेवणारा माणूस सहा महिन्यांत विसरत नसतो. मग काय झाले? जरा मागून सुरुवात करावी लागेल.

१९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. तेवढ्याने भागले नाही म्हणून ८ डिसेंबर २०२३ ला सरळ निर्यातबंदी. लाल कांदा नुकता बाजारात यायला लागला होता. साडेतीन-चार हजाराच्या आसपास जाणारा कांदा काही आठवड्यांत दोन हजारांच्या खाली आला. मुदत होती ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढवली. मग एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि आपला लाल-गुलाबी कांदा तसाच बसून राहिला. माल थोडा होता, पण जखमेवर मीठ थोडेच लागते. ४ मे ला, म्हणजे आपल्या मतदानाच्या सोळा दिवस आधी, बंदी उठली. तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १५ मे ला पंतप्रधान पिंपळगाव बसवंतला आले, तेव्हा भर सभेत एका तरुणाने कांद्यावर बोला म्हणून ओरडून सांगितले. ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता मी विचारतो, डिसेंबर २०२३ मध्ये हा आदेश निघाला तेव्हा आपले प्रतिनिधी कोण होते आणि कुठे होते?

२०१९ च्या विधानसभेला या सहा जागांपैकी चार राष्ट्रवादी काँग्रेसला गेल्या होत्या, एक भाजपला, एक शिवसेनेला. म्हणजे मतदाराने विचार करून लोकसभेला एका बाजूला आणि विधानसभेला बहुतांशी दुसऱ्या बाजूला मत दिले होते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली नव्हती. पुढे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, नांदगावचे आमदार शिंदे यांच्याबरोबर गेले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, चारही आमदार अजित पवार यांच्याबरोबर गेले. आपण विरोधात दिलेली मते सरकारच्या खात्यात जमा झाली, आणि त्यासाठी आपल्या दारात कोणी आले नाही. निर्यातबंदीचा आदेश निघाला त्या दिवशी या मतदारसंघातले सहाचे सहा आमदार राज्याच्या सत्तेत आणि खासदार केंद्रात मंत्री! याहून जास्त प्रतिनिधित्व कोणत्या भागाला मिळते? तरी आदेश निघाला आणि पाच महिने टिकला.

खासदार मंत्री झाल्या, तेव्हा गावोगाव सत्कार झाले. मीही एका सत्काराला होतो, शाल मीच दिली, खोटे कशाला बोलू. आपल्याला वाटले, आता आपला माणूस आत बसला. पण मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. आत बसलेल्या माणसाला आपल्याच सरकारच्या आदेशाविरुद्ध चारचौघांत बोलता येत नाही. बाहेर असता तर निदान ओरडला असता. आपण ज्याला बढती समजलो, ती तोंडाला लावलेली मुसकी होती. बैलाला मुसकी बांधतात ती त्याने पीक खाऊ नये म्हणून. इथे बांधली ती पिकाबद्दल बोलू नये म्हणून.

मग २० मे ला आपण राग काढला. तो किती होता, हेही मोजून बघा. २०१९ मध्ये भाजपला इथे ५ लाख ६७ हजार मते होती, २०२४ मध्ये ४ लाख ६४ हजार राहिली. लाखभर मते गळाली. काही जण म्हणतात की कम्युनिस्टांचे जिवा पांडू गावित यांनी या वेळी माघार घेतली म्हणून निकाल फिरला. गावितांना २०१९ ला लाखाच्या वर मते होती, हे खरे. पण ती सगळी त्या वेळच्या विरोधी उमेदवाराच्या मतांत मिळवली तरी बेरीज ४ लाख ७८ हजारांपर्यंतच जाते. तेवढ्याने साडेपाच लाखांचा डोंगर हलत नाही. डोंगर हलला तो लाखभर लोकांनी हात काढून घेतला म्हणून. शिवाय यंत्रावर भगरे आडनावाचेच एक अपक्ष होते, चिन्ह तुतारी. त्यांना १ लाख ३ हजार मते पडली. खऱ्या उमेदवाराचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. किती जणांचे बोट चुकले, हे ज्याचे त्याने मनात म्हणावे.

एवढे सांगून एक कडू गोष्टही सांगतो. दिंडोरी, नाशिक, धुळे, शिर्डी, नगर, शिरूर, बीड, धाराशिव, सोलापूर, माढा, कांद्याच्या या सगळ्या जागा त्या वेळी सत्ताधारी आघाडीने गमावल्या. आपल्यातले काही कार्यकर्ते तेव्हापासून छाती पुढे काढून सांगतात की कांद्याने दहा खासदार पाडले. जरा दमाने घ्या. धुळ्याचा निकाल ३,८३१ मतांचा आहे आणि तो मालेगाव मध्यच्या मतांनी फिरला. तिथे यंत्रमाग आहेत, कांदा चाळी नाहीत. बीडला मराठा आरक्षणाचा प्रश्न कांद्याच्या कितीतरी वर होता. दलित वस्त्यांत संविधानाची काळजी होती. कांदा होताच, पण एकटा नव्हता. आणि सबंध राज्याचे बघितले तर दोन्ही आघाड्यांना पावणेचव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखीच मते होती. जागा मात्र एकीला तीस आणि दुसरीला सतरा. आपल्या पद्धतीत ज्याचे मत एकाने जास्त त्याचे सगळे. विधानसभेला याच पद्धतीने उलटा हात दाखवला. विरोधी तीन मोठ्या पक्षांना मिळून तेहतीस टक्क्यांच्या वर मते, आणि जागा २८८ पैकी ४६. तेव्हा लाट आली, लाट ओसरली ही भाषा फार मनावर घेऊ नका. थोडे पाणी इकडचे तिकडे झाले तरी पूर आल्यासारखा दिसतो.

आता मूळ प्रश्न. मत देऊन मंत्री पडला, तरी धोरण का पडत नाही?

नोव्हेंबर १९९८ आठवा. कांदा दिल्लीत किलोला पन्नास-साठ रुपयांवर गेला होता. दिल्ली आणि राजस्थानात विधानसभेच्या निवडणुका होत्या. दिल्लीत सत्तरपैकी बावन्न जागा काँग्रेसला मिळाल्या, राजस्थानात दोनशेपैकी एकशे त्रेपन्न. तिथेही कारणे अनेक होती, पण देशभरच्या पुढाऱ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली : कांदा महागला की सरकार पडते. त्याच्याही आधी, १९८० च्या लोकसभेला इंदिरा गांधींनी कांद्याच्या महागाईचा प्रचारात वापर केला होताच. तेव्हापासून दिल्लीत कोणीही बसो, कांदा चढला की पहिला हात निर्यातीच्या दारावर जातो. पक्षाचे नाव घेऊ नका. डिसेंबर २०१० मध्ये बंदी आली तेव्हा काँग्रेस आघाडीचे सरकार होते आणि देशाचे कृषिमंत्री याच महाराष्ट्राचे होते. सप्टेंबर २०११ मध्ये पुन्हा. मग भाजपच्या काळात सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३. २०२० चा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. १४ सप्टेंबरला निर्यातबंदीचा आदेश निघाला आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने कांदा-बटाट्याला आवश्यक वस्तू कायद्याच्या नेहमीच्या जाचातून मोकळे करणारे विधेयक मंजूर केले. एका हाताने दावे सोडले, दुसऱ्या हाताने गोठ्याला कुलूप.

आणि २०१९ ची बंदी कधी आली माहीत आहे? २९ सप्टेंबरला. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला होते. म्हणजे ऐन प्रचारात, आपल्या तोंडावर! ज्याला आपल्या मताची भीती असेल तो असे करेल का? त्यांचा हिशेब सरळ आहे. कांदा खाणारा ५४३ च्या ५४३ मतदारसंघांत आहे. कांद्यावर ज्याचे घर चालते तो दहा-बारा जागांत दाटीने आहे, बाकी ठिकाणी विरळ. दहा जागा गेल्या तर जातील, बाकीच्यांचे बघू. यात दुष्टपणा नाही, बेरीज-वजाबाकी आहे. बेरीज-वजाबाकीला शिव्या देऊन उपयोग नसतो.

याच्यावर सोन्याचा कळस म्हणजे, ज्या वाणिज्य खात्यातून निर्यातबंदीचा आदेश निघाला आणि ज्या ग्राहक व्यवहार खात्याला शहरातल्या भावाची काळजी होती, ती दोन्ही खाती तेव्हा एकाच मंत्र्याकडे होती, पीयूष गोयल यांच्याकडे. ते राज्यसभेत होते, तेही महाराष्ट्रातूनच. त्यांनी २०२४ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभा लढवली. मतदान कधी? २० मे. आपल्याच दिवशी! बोरिवली-कांदिवलीच्या मतदाराने त्यांना साडेतीन लाखांच्या वर मताधिक्याने निवडून दिले, आणि आपण आरोग्य खात्याच्या राज्यमंत्र्याला पाडले. माझा बोरिवलीकरावर राग नाही. त्याने त्याचे हित पाहिले. पण आपला राग ज्या दारावर जाऊन आदळला, ते आदेश काढणाऱ्याचे दार नव्हते, एवढे तरी समजून घ्या.

उसाचे बघा, तिथे वेगळे आहे. उसाचे भांडण गावच्या कारखान्याशी असते. कारखान्याचा चेअरमन दिसतो, तोच बहुधा आमदार असतो किंवा आमदाराचा सोयरा. त्याला अडवता येते, गव्हाणीत उडी मारता येते, पाडताही येते. हातकणंगलेतून राजू शेट्टी २००९ आणि २०१४ ला लोकसभेत गेले, ते या समोरासमोरच्या भांडणातून. कांद्याचे तसे नाही. बाजार समितीत व्यापाऱ्याशी आपण वाद घालतो, पण त्याचा हात धरणारा दिल्लीत बसलेला असतो. आमदाराच्या हातात तर निर्यातीचा कागदच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे कृषिमंत्रिपद आपल्याच जिल्ह्याकडे आले आणि जुलै २०२५ मध्ये गेलेही. कांद्याच्या निर्यातीवर त्याने तिळभर फरक पडण्यासारखा नव्हताच.

मग ज्याच्या हातात कागद आहे असे वाटते, त्या खासदाराचे काय? इथे एक गोष्ट मी स्वतः उशिरा शिकलो, ती सांगतो. मला वर्षानुवर्षे वाटायचे की निर्यातबंदी लोकसभेत ठरते, आणि आपला खासदार तिथे झोपलेला असतो. तसे नाही. विदेश व्यापाराचा कायदा आहे, १९९२ चा. त्याखाली सरकार अधिसूचना काढते, विदेश व्यापार महासंचालनालय ती प्रसिद्ध करते, आणि त्या रात्रीपासून बंदरावरचा कंटेनर थांबतो. आधी सभागृहात चर्चा नको, मतदान नको. नंतर कधीतरी कागद पटलावर ठेवला जातो. म्हणजे तुमचा खासदार सत्ताधारी असो की विरोधी, हुशार असो की माठ, बंदी घालण्याच्या क्षणी त्याचे मत कोणी मागतच नाही. आणि समजा उद्या मतदान झालेच, तरी १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाने व्हिप काढला की हात तिकडेच वर करायचा, नाहीतर खासदारकी जाते. आपण माणूस निवडतो आणि आत जाते पक्षाचे बोट. गंमत अशी की पक्षच फोडून घेऊन जाणाऱ्यांना याच कायद्याने काही केले नाही; एकट्याने शेतकऱ्याच्या बाजूने हात वर केला तर मात्र कायदा जागा होतो.

हे झाले मे महिन्याचे. आता नोव्हेंबर. इथे मला माझ्या घरातले सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नोव्हेंबरात कांद्याला चार हजारांच्या वर भाव होता. ज्यांनी उन्हाळी कांदा चाळीत टिकवला, त्यांचे चांगले झाले. सप्टेंबरात सरकारने ५५० डॉलरची अट काढली होती, शुल्क निम्मे केले होते. म्हणजे मे चा धडा अगदीच वाया गेला नाही, एवढे कबूल करू. पण बहुतेकांचा कांदा तोवर विकून झालेला. माझाही. मी घरी सांगितले, विसरायचे नाही, बंदी कोणी घातली ते लक्षात ठेवायचे. घरात चार मते. सूनबाई भाकरी करत होती. ती म्हणाली, ‘‘नाना, एक विचारू का? रागवायचं नाही.’’ मी म्हटले, विचार. ती म्हणाली, ‘‘कांद्याला चार हजार भाव आला काय आणि चारशे आला काय, पट्टी तुमच्या नावानं निघते. निंदायला मी, काढायला मी, चाळीत निवडायला मी. खुरपं धरून हाताला भेगा माझ्या. त्या पट्टीतला रुपया मी कधी मोजला नाही. हे साडेसात हजार माझ्या नावानं आलेत. आता सांगा, माझं मत कशावर जावं?’’

पाच हप्त्यांचे साडेसात हजार. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. मला म्हणायचे होते की पोरी, एका एकराला बंदीने याच्या दहापट नुकसान केले. हिशेब बरोबर होता. पण कोणाचे नुकसान? माझे. तिच्या खात्यात त्या नुकसानीची नोंदच नव्हती, कारण फायद्याचीही कधी नव्हती.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. इथे बसलेल्यांत त्या गर्दीत उभ्या असलेल्या आजीबाई असतील. पुढे लक्ष्मीमुक्तीचे काम निघाले, बायकोच्या नावावर थोडी जमीन करा म्हणून. काही गावांनी केली. माझ्या घरात झाली नाही. कधी सातबारा अडला, कधी सोसायटीचे कर्ज, कधी भावकीचा वाद, कारणे काय कमी असतात? चाळीस वर्षांनी ते देणे व्याजासह समोर आले. सरकारने दीड हजार रुपयांत मत विकत घेतले, असे जे कोणी म्हणतात त्यांनी आधी सांगावे, की आपण घरात त्या मताची किंमत काय ठेवली होती. मी तरी आता तसे म्हणत नाही.

चळवळीचेही थोडे बघू. १९८० मध्ये याच जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी लोक रस्त्यावर बसले, गोळ्या झेलल्या. सबंध महाराष्ट्राला शेतीमालाच्या भावाची भाषा इथून कळली. पण विधानसभेत शेतकरी चळवळीची माणसे गेली ती १९९० साली, जनता दलाच्या चिन्हावर, आणि त्यातली ठळक नावे विदर्भाची : वामनराव चटप, सरोज काशीकर, मोरेश्वर टेमुर्डे. टेमुर्डे तर विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. रस्त्यावर पुढे असलेला आपला नाशिक जिल्हा तिथे मागे राहिला. आंदोलनाला सगळे एक, मतदानाला मराठा, माळी, वंजारी, आदिवासी वेगवेगळे. पाटाच्या पाण्यावर भांडणारे, द्राक्षवाले, कांदेवाले वेगळे. शिवाय सुरगाणा-कळवणच्या आदिवासी भावाचा प्रश्न कांद्याचा नाहीच, वनजमिनीचा आहे. तो त्यासाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेला. आपण निफाड-येवलेकर त्याच्या मोर्चात किती दिसलो? मग आपल्या कांद्यासाठी त्याने का यावे? मतदारसंघ एक आहे म्हणून दुखणे एक होत नाही. ते जोडावे लागते.

आता कामाचे बोलतो. कोणाला मत द्या, हे मी सांगणार नाही. ते सांगून आपण पुष्कळदा फसलो आहोत. १ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क पूर्ण उठले, तेव्हा उन्हाळी कांद्याचा भाव आधीच बसलेला होता. म्हणजे दार उघडले तेव्हा घरात द्यायला काही उरले नव्हते. असे पुढेही होणार. दिल्लीच्या ५४३ मध्ये आपल्या दहा जागांची बेरीज कधीच मोठी होणार नाही. तेव्हा नुसता माणूस बदलून भागत नाही, तो कागद निघतो कसा ते बदलायला मागितले पाहिजे. पुढच्या वेळी जो कोणी मत मागायला येईल, कोणत्याही पक्षाचा, त्याला भावाचे भाषण करू देऊ नका. एवढेच विचारा : १९९२ च्या कायद्यात अशी दुरुस्ती मागाल का, की शेतीमालाची निर्यात थांबवणारा आदेश पुढच्या अधिवेशनात मतदानाला आलाच पाहिजे, आणि नाही आला तर आपोआप संपला पाहिजे? खासदाराला खासगी विधेयक मांडता येते. मंजूर होणे अवघड, पण मांडायला त्याला कोणी अडवत नाही. मांडले की नाही, हे तारखेनिशी कळते. भावासाठी प्रयत्न केला की नाही, हे कधीच कळत नाही. आणि निवडून आलेल्या भगरे सरांनाही हेच विचारायचे. आपण पाडलेल्याला जाब विचारायचा आणि निवडलेल्याला हार घालायचा, ही सवय मीच शाल देऊन जोपासली आहे.

दुसरे काम घरातले. कांदा विकायला बाजार समितीत जाल तेव्हा पट्टी घरच्या लक्ष्मीच्या नावाने फाडता येते का, हे विचारून या. येत असेल तर एका ट्रॉलीपासून सुरुवात करा. मी या हंगामात केली. सूनबाईने पट्टी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘नाना, यात वाराई कशाची कापली?’’ इतकी वर्षे मी ती कापून घेत आलो, विचारले नव्हते.

प्रत्येक गावासाठी एक वही आणली आहे. पहिल्या पानावर निर्यातीच्या आदेशांच्या तारखा मी लिहिल्या आहेत, २०१० पासूनच्या. समोरचा रकाना रिकामा आहे. त्या दिवशी आपला आमदार कोण होता, खासदार कोण, कोणत्या पक्षात निवडून आला आणि त्या दिवशी कोणत्या पक्षात होता, ते गावात बसून भरायचे. बायकांना बसवून भरायचे. वह्या मांडवाच्या डाव्या बाजूला टेबलावर आहेत, गावाचे नाव सांगून घेऊन जा.